वुल्झलीतली शांत शाळा

१ मे, गुरुवार

जूनअखेर घर सोडायचं! मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, तो इथे राहायला येणार. मालक दारातच उभे राहून टोपी हातात फिरवत सांगत होते. मी म्हटलं, "अभिनंदन." दुसरं काय म्हणणार?

माझ्या नवऱ्याला, ओरेस्टला, तर आनंदच झाला. "बरं झालं. नाहीतर तू या घरातून हलली नसतीस." सप्टेंबरपासून त्याची पाळी बदलतेय. विमानतळावर, दुरुस्तीच्या शेडमध्ये, सकाळी सातला हजर. आत्तापर्यंत सकाळी एलिनला तो सांभाळायचा आणि मी दुपारी घरी आले की तो कामावर जायचा. ते आता बंद. आमची एलिन पहिलीत जाणार. म्हणजे घर असं हवं की शाळा चालत जाण्याइतकी जवळ, त्याला विमानतळ फार लांब नको, आणि मला धान्याच्या प्रयोगशाळेत जायला एकच बस पुरावी.

चांगली शाळा ओळखायची कशी? मी तर एकाही शाळेत गेलेले नाही. कॉलेज धरायचं नाही — तिथे कुणी आईचा हात सोडून आत जात नाही.

४ मे, रविवार

सरोवरावर आईकडे. किनाऱ्याला अजून बर्फ चिकटून आहे. बाबा पडवीत जाळी दुरुस्त करत बसले होते. आईने सुक्या आलुबुखारांचा थरांचा केक केला होता. एलिन एक तुकडा संपायच्या आत "अम्मा, अजून!" आजीला ती अम्मा म्हणते, आमच्या आइसलँडी घरांतली रीत. ओरेस्टच्या घरचा आजीसाठीचा युक्रेनी शब्द तिला कधी चिकटलाच नाही.

आई म्हणाली, "शेजारचं घर रिकामं आहे. या इकडेच. मी शिकवीन हिला. चौघांना याच टेबलावर शिकवलं. कुणाचं काय बिघडलं?"

ओरेस्ट माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बिघडलं काही नाही. पण थोरा अजून दुकानातल्या रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देते. आम्ही पाव घेऊन निघतो तेव्हा तो शिळा झालेला असतो."

आई खूप हसली. बाबाही. मी नाही.

आईला शाळा पटत नव्हती, म्हणून तिने आम्हाला घरी शिकवलं. लहानपणी हे आम्ही चौघं किती अभिमानाने सांगायचो! ते टेबल, खिडकीतून दिसणारं सरोवर, आईचा आवाज. मी काही चुकीचं शिकले असं वाटत नाही. पण कुणी मोठ्याने बोललं की मी अजून खोलीबाहेर निघून जाते, हेही खरं.

६ मे, मंगळवार

शहरात सेंट जेम्स भागातलं घर पाहिलं. ओरेस्टला विमानतळ अगदी दारात. इतकं दारात की विमान गेलं तेव्हा कपाटातल्या बश्या वाजल्या. "काही दिवसांनी ऐकू येत नाही," भाडेकरू ओरडून म्हणाला. इथल्या शाळेत फळ्यासमोरही असाच ओरडत असेल मास्तर! नको.

७ मे, बुधवार

एल्मवुडच्या घराला तळघरात ओल. शाळेची चौकशीच केली नाही.

८ मे, गुरुवार

ओरेस्ट म्हणतो, "तू घरं बघत नाहीस, नापास करतेस."

माझं कामच ते. गव्हाच्या नमुन्यातले फुटके, गोठलेले, बुरशीचे दाणे वेचून बाजूला काढायचे आणि दर्जा ठरवायचा. चांगला दाणा माझ्या चिमट्यात येतच नाही. दिवसभर वाईटच दिसतं!

उद्या माझी रजा आहे. वुल्झली भागात घर बघायला जाणार, एकटीच.

९ मे, शुक्रवार

सापडलं!

रस्त्यावर दोन्ही बाजूंनी जुनी एल्मची झाडं, वर फांद्या एकमेकींना भिडलेल्या. पालवी आत्ता कुठे फुटतेय. घराचा वरचा मजला, दोन खोल्या आणि पूर्वेची स्वयंपाकघराची खिडकी. मालकीणबाई खाली राहतात, मिसेस डेलॉर्म. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत. खालूनच हाका मारून घर दाखवलं. "डावीकडचं कपाट उघडा! नाही, माझं डावं!"

आणि शाळा! कोपऱ्यावर वळलं की समोर. मी कुंपणाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. काय शांत! विटांची इमारत, खिडक्या स्वच्छ, आत दोन शिक्षिका कॉफीचे पेले घेऊन हळू बोलत जाताना दिसल्या. एक आवाज नाही. मधल्या सुट्टीची वेळ झाली, तरी कुणी बाहेर आलं नाही. मुलं आत वाचत बसत असतील. आमच्याकडेही सुट्टी म्हणजे हवं ते पुस्तक घेऊन खिडकीत बसायचं. मला वाटलं, आईचं स्वयंपाकघरच कुणीतरी मोठं करून इथे बांधलंय.

येताना प्रयोगशाळेकडे जाणारी बस धरून पाहिली, खिडकीची जागा मिळाली. बस थांब्यांवर थांबतसुद्धा नव्हती, सरळ प्रयोगशाळेच्या दारात! ओरेस्टलाही विमानतळ फार लांब नाही. मिसेस डेलॉर्मना सांगून आले, पुढच्या रविवारपर्यंत नक्की कळवते. त्या म्हणाल्या, "तोवर कुणाला दाखवत नाही. तुमचा चेहरा मला आवडला. जरा घाबरट आहे, पण आवडला."

१० मे, शनिवार

ओरेस्टला सगळं सांगितलं. तो पियरोगी, बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, तळत होता.

"एकही मूल ओरडत नव्हतं," मी म्हटलं.

"एकही?"

"एकही नाही."

"मग ती शाळा कसली? दवाखाना असेल," म्हणाला आणि कांदा परतायला लागला.

त्याच्या शाळेत बाकं फेकायचे म्हणे. त्याला शांतता म्हणजे काय कळणार!

१२ मे, सोमवार

लाजेने कान अजून गरम आहेत.

दुपारी मिसेस डेलॉर्मना फोन केला, वरच्या खोलीला रंग आम्ही द्यायचा की त्या देणार, एवढंच विचारायला. बोलता बोलता म्हटलं, तुमच्या कोपऱ्यावरच्या शाळेची शिस्त मला फार आवडली, मुलांचा आवाजच नाही.

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

"अहो बाई, शुक्रवारी शाळाच नव्हती! शिक्षकांच्या बैठकांचा दिवस. मुलं घरी होती सगळी. तुम्ही लहानपणी अशी सुट्टी कधी घेतली नाहीत की काय?"

मी म्हटलं, "नाही घेतली." खरंच तर होतं ते.

"एरवी दुपारी मी कानातलं यंत्र काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "मुलं सुटली की घरात रेडिओ ऐकू येत नाही. पण छान असतात हो पोरं. एकाने माझ्या पायरीवरचा बर्फ पूर्ण हिवाळाभर काढला. अर्धा माझ्याच खिडकीवर मारला, पण काढला."

म्हणजे शाळाही बघितली नाही आणि बससुद्धा नाही. बस रिकामी होती कारण शाळेची मुलं घरी होती! प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात — धान्याच्या डब्याच्या एकाच जागेतून दाणे घेऊन दर्जा देऊ नका, वरून घ्या, तळातून घ्या, कडेने घ्या. मी माझ्या पोरीची शाळा मूठभर दाण्यांवर पास केली.

१३ मे, मंगळवार

ओरेस्टला सांगितलं. इतका हसला की एलिनही काही न कळता हसत सुटली. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "परवा तिला घेऊन जा. शाळा भरलेली असताना. मी आलो असतो, पण मी आलो तर तू माझं तोंड बघत बसशील."

१५ मे, गुरुवार

गेलो. बस खचाखच भरलेली. पहिली तर थांबलीच नाही, दुसरीत दप्तरांच्या मधे उभ्या. एलिनच्या नाकाशी कुणाचा तरी डबा. ती माझा कोट धरून होती.

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि दारं उघडली. बाप रे! एवढी मुलं एका वेळी मी कधी पाहिली नव्हती, एलिनने कुठून पाहिली असणार? धावणं, किंचाळणं, एकमेकांच्या टोप्या पळवणं. एक मुलगी कुंपणाला लटकून एलिनला म्हणाली, "तू नवी आहेस का? तुझे बूट मस्त आहेत!" एलिनने माझ्या कोटात तोंड खुपसलं आणि रडायला लागली. हुंदके देऊन. मी पण तिथे थांबू शकले नाही. तिला उचलून थांब्याकडे पळाले — तिच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

घरी येईपर्यंत तिने माझा कोट सोडला नाही. संध्याकाळी मात्र तिने आपले बूट पुसून दाराशी नीट ठेवले.

१६ मे, शुक्रवार

ठरवलं. एलिनला शाळेत घालायचं नाही. सरोवरावर जायचं, आईच्या शेजारच्या घरात. मी नोकरी सोडते, मी आणि आई मिळून शिकवू.

ओरेस्ट खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी रोज तिथून विमानतळावर. जानेवारीत, अंधारात, त्या रस्त्यावर."

"बाबा पण पहाटेच निघायचे."

"बाबा घरासमोरच्या होडीत बसायचे, थोरा." रागावला नव्हता. तेच जड गेलं. "जाईन मी. तिच्यासाठी जाईन. पण घाबरलीय ती का तू, एवढं एकदा बघ."

ती रडली, हे काही मी रचलेलं नाही!

१७ मे, शनिवार

आईला फोन केला. वाटलं, आनंदाने ओरडेल. एलिन कशी रडली, मी कसं तिला तिथून काढलं, सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "कोटात तोंड लपवलं?"

"हो."

मला वाटलं, फोन कटला. शेवटी म्हणाली, "उद्या बोलते गं," आणि ठेवला. घर झाडून ठेवते म्हणाली नाही.

१८ मे, रविवार

आईचा फोन. चर्चमधून येऊन, कोटही न काढता करतेय म्हणाली.

"तू पाच वर्षांची होतीस. गावात शाळेशेजारी घर बघितलं होतं आम्ही. भाडं ठरलं होतं. बाबा तिथून होडीपर्यंत रोज यायला तयार होते. फाटकापाशी तू माझ्या कोटात तोंड लपवून रडलीस. मी ट्रक तिथूनच वळवला. मग तुझ्यामागून तिघंही टेबलावरच शिकली, आणि शाळा पटत नाही हे कारण मी लोकांना सांगायला शोधलं. चांगलं शिकवलं मी तुम्हाला, ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्या दिवशी तुला परत नेलंच नाही गं. एकदा तरी न्यायला हवं होतं."

मिसेस डेलॉर्मना होकार कळवला. उद्या जुन्या राणीच्या वाढदिवसाची सुट्टी आहे, शाळा बंद — या वेळी आधी बघितलं! मंगळवारी एलिनला घेऊन फाटकापाशी जाणार. बुधवारीही. तपासायला नाही, सवय व्हायला. दोघींना.