पळू दे त्याला

नातू गोल गोल पळतो, लोक हसतात, म्हणून तू त्याला घरात कोंडतेस, हे मला तुझ्या सुनेनं फोनवर सांगावं? तुझ्या तोंडाला काय झालं होतं?

असो. धाकटे, ताईचा आशीर्वाद घे. मी इकडे लेकीकडे ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण!

लेकीच्या प्रयोगशाळेत तुझ्या नातवासारखेच, कुणात न मिसळणारे उंदीर आहेत. त्यांना ती रोज सरकत्या पट्ट्यावर पळवते. मी म्हटलं, "कशाला छळतेस गं मुक्या जिवांना?"

म्हणाली, "आई, पळून त्यांच्या मेंदूतला गंज कमी होतो, मग ते एकमेकांजवळ जातात. पण हे उंदरांचं झालं, माणसांचं अजून ठरायचंय."

मला आपला दादा आठवला. एक शब्द बोलायचा नाही. बाबा रोज संध्याकाळी त्याचा हात धरून खळ्याभोवती पळायचे. मग दादा दमून आपल्या दोघींच्या मध्ये बसायचा, तुझी वेणी मुठीत धरून. हसणारे तेव्हाही होते. बाबांनी कधी दार लावलं?

उद्यापासून दार उघड. पोरगं जेवतं का, झोपतं का, सगळं मला कळलं पाहिजे. उत्तर सुनेनं लिहायचं. तू तेव्हा त्याच्यामागे पळत असशील.