न उघडता जाळलेल्या पुस्तकाविषयी

पहिली काडी मी फुंकून विझवली. दुसरीही. तिसरी माझ्या मुलाने माझ्याकडे पाठ करून ओढली आणि चादरीत बांधलेले गाठोडे पेरूखाली पेटले. आत अकरा पुस्तके होती. गाठ कोणी सोडून पाहिली नाही. सोडायची नाही असा नियम होता.

ही गेल्या रविवारची गोष्ट. तिच्यामुळे मी, रिबका शांतवन अमोलिक, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार रोहा, हे मृत्युपत्र करीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दोन्ही मोतीबिंदू काढलेले आहेत. कोणाचेही दडपण नाही. दडपण आणणारे पेणला राहतात आणि आज आलेले नाहीत.

कलम १. राहते घर व परसू माझी नात तबीथा, वय ११, हिला देते. पुढच्या खोलीतले मुलांचे वाचनालय ती सज्ञान होईपर्यंत चालू राहील. बँकेतली ठेव छपरासाठी आणि पुस्तकांसाठी आहे, लग्नासाठी नाही. तीस वर्षे मी या खोलीतून मुलांना जादूच्या गोष्टी दिल्या. ती मुले आज कंपनीत शिफ्ट करतात, रिक्षा चालवतात, एक जण तलाठी आहे. चेटूक कोणालाच जमलेले नाही. जमले असते तर तलाठ्याने केले असते.

व्यवस्था शेजारीण आसिया पाहील. ती या पत्रावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात. म्हणून तिला काही देत नाही. तिने नेलेली माझी कढई ही देणगी नसून विसर आहे. ती तिच्याकडेच राहावी.

कलम २. सून नूतन हिला माझे सोन्याचे डूल. शनिवार-रविवार तबीथा माझ्याकडे असते; त्या रविवारी नूतनने माझ्या घरातल्या तिच्या कपाटातून पुस्तके बाहेर ओढली ती चिमट्याने, पाल धरावी तशी. मी एक हातात घेतले तर ओरडली.

"आई, उघडू नका! उघडलं की शिरतं."

"काय शिरतं गो?"

"आत्मा. पास्टरांनी सांगितलंय. न उघडता जाळायचं."

कुंपणापलीकडून आसियाने विचारले, "रिबकाबाय, काय जालताव सकालच्या पारी?"

"जादू," मी म्हटले.

"जादू? माझा हाशिम ही सगली पुस्तकं वाचून मोठा झाला. कतारला हाय, पाच वखत नमाज पडतो. त्याला कवा शिरली नाय ती?"

नूतनने तिच्याकडे पाहिले नाही. डूल तिने कानांत घालावेत. कानांचा तिने दुसरा काही उपयोग केल्याचे मला माहीत नाही.

कलम ३. पास्टर आदेश यांना काही नाही. त्यांची सभा पेणला एका मूर्तिकाराच्या कारखान्यावरच्या माळ्यावर भरते. खाली गणपती वाळत असतात आणि वर हे पालकांना सांगतात की बोलणारी जनावरे आणि काठीचे साप मुलांना नरकात नेतात. काठीचा साप त्यांनी आधी बायबलातल्या मोशेला विचारावा. त्यातलेच गणना, अध्याय बाविसावा, काढून पाहावा. तिथे गाढवी बोलते, आणि धन्यापेक्षा शहाणे बोलते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एक भूतविद्या करणारी बाई घाबरलेल्या राजाला वासरू कापून जेवू घालते. एवढी दया मला त्या माळ्यावर दिसली नाही. यांनी तेही पुस्तक उघडले नसावे असा माझा अंदाज आहे.

कलम ४. मुलगा अनुग्रह यास नागोठण्याच्या वाटेवरची भातजमीन व त्याच्या वडिलांची खुर्ची, पुढील अटीवर.

माझे पती शांतवन पुस्तकबांधणी करीत. कचेऱ्यांची दप्तरे बांधून त्यांनी घर चालवले. आमचे बायबल त्यांनी स्वतः बांधले होते. पहिल्या दोन कोऱ्या पानांवर त्यांच्या अक्षरात आमचे लग्न, अनुग्रहाचा जन्म व बाप्तिस्मा, आणि मरण्याआधी तीन आठवडे, तबीथाचा जन्म. दहाव्या वाढदिवसाला ते मी तबीथाला दिले. आमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे तिच्या आईने त्यावर चेनचे काळे कव्हर चढवले, वर सोनेरी क्रूस.

तिच्या आईबापांच्या पेणच्या घरात चेनच्या कव्हरातले पुस्तक कोणी तपासत नाही. म्हणून तबीथाने त्या कव्हरात 'वाऱ्याची किल्ली' नावाची जाड गोष्ट घातली, आणि गोष्टीचे वेष्टन, ज्यावर पंखांचा साप आहे, ते आजोबांच्या बायबलावर चढवून कपाटात ठेवले. चार महिने ती प्रार्थनासभेत मांडीवर उघडून गोष्ट वाचत होती. पास्टरांनी तिच्या एकाग्रतेचे कौतुक केले होते.

रविवारी पंखांचा साप पाहून नूतनने तेच पुस्तक सर्वांत आधी चादरीत टाकले.

संध्याकाळी तबीथा कव्हर छातीशी धरून माझ्याकडे आली. "आजी, पप्पांनी आजोबांचं बायबल जाळलं. तू सांगू नको ना. मला इथे परत पाठवणार नाहीत."

मी शब्द दिला. तो माझ्या हयातीपुरता आहे. अनुग्रहा, हे तू वाचतोस याचा अर्थ मी मेले आहे आणि आता तुला कळले आहे. मुलीला एक शब्द बोलायचा नाही. तिने कव्हर बदलले, जाळले तू. गाठ सोडली असतीस तर बापाचे अक्षर ओळखले असतेस.

अट अशी: 'वाऱ्याची किल्ली' तू पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तबीथासमोर बसून मोठ्याने वाचायचीस. आवडण्याची सक्ती नाही. उघडण्याची आहे. वाचून झाल्याचे आसिया लिहून देईल. न वाचल्यास जमीन वाचनालयाकडे जाईल.

कलम ५. पतीचा पुस्तके दाबायचा लाकडी शिकंजा, दाभणे आणि खळीचे भांडे तबीथाला. बांधणी तिला येऊ लागली आहे. वेष्टने बदलणे तिला आधीच येते.

कलम ६. मला जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत शांतवनशेजारी ठेवावे. पास्टर आदेश यांनी बोलू नये. कोणी बोललेच पाहिजे असेल तर सुतार केरू याने बोलावे. तो थोडक्यात आटपतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

रिबका शांतवन अमोलिक
साक्षीदार: १. आसिया इलियास धनसे २. केरू विठू म्हात्रे
रोहा, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

नोंद, रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी अनुग्रह तबीथाला उपासनेला न्यायला आला. टेबलावरचे चेनचे कव्हर त्याने उचलले. "बाबांचं अक्षर बघतो," म्हणाला. आज शांतवनची पुण्यतिथी, हे त्याच्या लक्षात होते. तबीथा माझ्यामागे येऊन उभी राहिली. त्याने चेन उघडली. लिहिलेली दोन पाने शोधली. मग विचारले, "ते कुठाय?" मी पेरूकडे बोट केले. तो पायरीवर बसला. नूतनने गाडीतून दोनदा हॉर्न दिला. त्याने पान उलटले.

मात्र तो मनातल्या मनात वाचत होता. कलम ४ मध्ये मोठ्याने असे म्हटले आहे. बदल नाही.

रि. शां. अ.