पाच गुलाबी आणि एक चहा

सोमवार, १६ फेब्रुवारी

गुलाबी! निवृत्तीला दीड महिना उरला आणि नशिबात काय आलं, तर गुलाबी! छत्तीस वर्षं या लॅबमध्ये रंग जुळवले. ट्रॅक्टरचा लाल, जीपचा हिरवा, रुग्णवाहिकेचा पांढरा. आणि आता जाता जाता मुलींच्या सायकली.

सायकल कंपनीच्या मार्केटिंगचा सलिल नावाचा मुलगा आला होता. वय असेल अठ्ठावीस, बूट पांढरेशुभ्र — पेंट शॉपमध्ये पांढरे बूट! "सर, थीम आहे जगातली गुलाबी ठिकाणं. सहा ठिकाणं, सहा सायकली." फोटो काढून ठेवले टेबलावर. जयपूर. जॉर्डनमधलं पेट्रा, डोंगर कोरून केलेलं. बहामातला गुलाबी वाळूचा किनारा. ऑस्ट्रेलियातलं हिलियर तळं. सेनेगलचं रेत्बा तळं. आणि सहावा फोटो पाहिला आणि मी हसायलाच लागलो. लोणार! आमच्या सासुरवाडीचं लोणार, पेट्राच्या पंगतीला!

साहेबांनी सलिलला माझी ओळख करून दिली. "उद्धवराव म्हणजे आमचे डोळे. दोन वर्षांत यांची एकही शेड गिऱ्हाइकाकडून परत आलेली नाही." खरंच आहे ते. सर्टिफिकेट घरी टीव्हीच्या वर फ्रेम करून लावलंय. ३१ मार्चला निरोप समारंभात साहेब तेच वाचून दाखवणार आहेत म्हणे. मी नको नको म्हणालो. फार जोरात नाही म्हणालो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सुमनला लोणारचं सांगितलं आणि सहा वर्षांपूर्वीचं भांडण परत सुरू झालं. लॉकडाउनमध्ये सासूबाई आजारी म्हणून पास काढून गेलो होतो, तेव्हा तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे तेच. ही काठावर उभी राहून ओरडली, "अगं बाई, काय गुलाबी दिसतंय हो!" मी रंगातला माणूस. मी म्हटलं, कसलं गुलाबी? चहा आहे हा. दूध कमी घातलेला.

तेव्हापासून आमच्या घरी लोणार म्हणजे चहा. आज ही म्हणाली, "तुम्हाला गुलाबी कळत असतं तर मागच्या दिवाळीला गुलाबी म्हणून जांभळी साडी आणली असती का?" जांभळी! दुकानात अर्धा तास उजेडात धरून पाहून आणलेली साडी! बायको आहे म्हणून ऐकून घेतलं.

वर आणखी, "गुलाबी-गुलाबी करताय, तर निदान जयपूर तरी दाखवा. पस्तीस वर्षांत नेलंत कुठे? देहूला." देहूच्या पुढे आळंदीलाही नेलं होतं. 

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कामाला लागलो. माणूस या रंगासाठी काय काय करतो! जयपूर म्हणे कोणा राजपाहुण्यासाठी रंगवून काढलं होतं. रेत्बाचं पाणी इतकं खारट की मीठ काढणारे लोक अंगाला तेल चोपडून उतरतात. हिलियर तर बहुतेक लोक विमानातूनच बघतात. एवढे पैसे घालून वरून बघायचं फक्त!

आमचा स्प्रे मारणारा नवनाथ बीडचा. फोटो बघून म्हणाला, "सर, कामून येवढ्या लांब जायचं? भिगवणला चला की. रोहित पक्षी आलेत, फुकट गुलाबी हाय समदं."

शुभदाला आज स्पष्ट सांगितलं. ही लॅबमधली मुलगी, चिंचवड गावठाणातली, अडीच वर्षांपासून ट्रेनी. एरवी मी शेड पास करतो आणि साडेतीनच्या बसने निघतो. ती साडेपाचपर्यंत थांबून पॅनेलं — म्हणजे रंग मारून दाखवायच्या पत्र्याच्या पट्ट्या — पॅक करून पाठवते. म्हटलं, या सहाला तू हात लावायचा नाही. हे माझं शेवटचं काम. मीच बनवणार, मीच पॅक करणार, मीच पाठवणार. ती "पण सर…" म्हणाली. मी म्हटलं, पण नाही आणि बिण नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

परत आली. सहाच्या सहा!

बुधवार, २५ फेब्रुवारी

सलिलचा शेरा, "सगळेच थोडे जांभळट वाटतात सर. थोडं ड्रीमी पाहिजे." ड्रीमी! ड्रीमीचा डबा स्टोअरमध्ये असता तर ओतला असता दोन किलो.

शनिवार, २८ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा परत. तेच — जांभळट.

साहेब काचेच्या केबिनमधून नुसते बघत होते. तिसऱ्यांदा परत आली तर काम दुसऱ्या व्हेंडरकडे जाणार, हे मलाही माहीत आहे.

शुभदा दुपारी हळूच म्हणाली, "सर, थोडा पिवळा वाढवून बघू का? मशीन पण तेच सांगतंय." रंग मोजायचं मशीन! मी भडकलो. सगळ्या लॅबसमोर म्हणालो की मशीनला आकडे असतात, डोळे नसतात, आणि काही माणसांचंही तसंच असतं. नवनाथ हातातला मास्क तसाच धरून उभा राहिला. शुभदा बेसिनपाशी जाऊन बराच वेळ ब्रश धूत बसली.

तिने तिच्या मनाने एक पॅनेल केलं होतं जयपूरचं. पाहिलं मी. विटका, पिवळट. जुन्या बनियनसारखा. असला गुलाबी कुठे असतो?

बुधवार, ४ मार्च

तिसऱ्यांदा परत. सलिल फोनवर फार गोड बोलला. तेच जास्त लागलं. साहेबांनी त्याच्याकडून पंधरा दिवस मागून घेतले, हात जोडल्यासारखं बोलून. माझ्यामुळे.

आजच एचआरकडून शुभदाचा फॉर्म आला. कायम करायचं की नाही. सुखदा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या शेऱ्यावरच आहे सगळं. वीस तारखेला पत्रं निघतील." शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, मेहनती आहे. रंगाची नजर नाही.

लिहिलं आणि सही ठोकली. खरं ते लिहायला काय भ्यायचं! वडील रिटायर झालेत तिचे, माहीत आहे मला. पण नजर नसलेल्या माणसाला लॅबमध्ये ठेवणं म्हणजे तिचंही नुकसानच. तिला हिशेबाच्या खात्यात वगैरे काहीतरी मिळेल.

बसमध्ये मोशीपर्यंत बरं वाटत होतं. पुढे नाही वाटलं.

गुरुवार, ५ मार्च

कंपनीची डोळे तपासणी. दरवर्षी मी नेमका त्या दिवशी ऑडिटच्या कामात असतो. (असतो म्हणजे, काढतो.) या वेळी साहेबांनी स्वतः दंडाला धरून नेलं.

डॉक्टरीण बाई, सुनेच्या वयाची. डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाली, "काका, दोन्हीकडे मोतीबिंदू. चांगला पिकलाय. रंगांचा काही त्रास?" मी म्हटलं, रंग हा माझा धंदा आहे बाई, त्रास कसला? ती म्हणाली, "बरीच वर्षं पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही."

पिवळ्या काचेतून! हिला काय माहीत. दोन वर्षांत एक शेड परत नाही आलेली. पिवळ्या काचेतून झालं असतं ते?

पण हो म्हणून आलो ऑपरेशनला. साहेब शेजारीच उभे होते.

सोमवार, ९ मार्च

उद्या उजवा डोळा. डावा नंतर. भीती नाही. (आहे.)

बुधवार, ११ मार्च

सकाळी पट्टी काढली. काळा चष्मा दिलाय, डोक्यावरून अंघोळ बंद, धुळीत जायचं नाही. लिहायलाही बंदी आहे, पण सुमन भाजी आणायला गेलीय.

पहिल्यांदा काय दिसलं? दवाखान्याची भिंत. निळी! मी समजत होतो हिरवट आहे. मग सुमन समोर आली. मी आणलेली दिवाळीचीच साडी नेसून आली होती, मुद्दाम. जांभळी. एखादं वांगं असतं तशी जांभळी!

मी उजवा डोळा झाकला — गुलाबी. डावा झाकला — वांगं. परत केलं. परत तेच. नर्सला वाटलं मला चक्कर येतेय. सुमन म्हणाली, "काय हो, काय झालं?" मी म्हटलं, छान दिसतेस. तिने बाहेर नेऊन पाणी पाजलं. इतक्या वर्षांत असं कधी बोललो नव्हतो, म्हणून घाबरली असेल.

शुक्रवार, १३ मार्च

नवनाथचा फोन. "सर, पास झालं! सहाच्या सहा, एका दमात! शुभदा मॅडमनं केले. त्यो सलिल नाचायलाच लागला राव."

बरं झालं म्हटलं. फोन ठेवला. नवशिक्याचं नशीब असतं कधीकधी. असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच.

रविवार, १५ मार्च

सुमनच्या मोबाइलमध्ये लोणारचा तो फोटो अजून आहे. ती काठावर, मागे तळं. मी बाल्कनीत नेऊन उन्हात धरला.

गुलाबी आहे. शाळेतल्या मुलीच्या रिबिनीसारखं, नुसतं गुलाबी. दुसऱ्या डोळ्याने बघितलं तर चहा.

म्हणजे तेव्हापासून. सहा वर्षं! सहा वर्षं मी चारचौघांत हिला चहा-चहा म्हणून हसत होतो, आणि तिथे काठावर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांत गुलाबी न दिसलेला माणूस एकटा मीच होतो.

सुमनला सांगितलं, तुझंच बरोबर होतं. मला वाटलं आता चांगली आठवडाभर बोलेल. ती म्हणाली, "जाऊ द्या. पाणी आता हिरवं झालंय परत. जयपूर तरी बघू, तिथला रंग उडत नाही." एप्रिलमधलं जयपूरचं ऊन तिला सांगून पाहिलं. ऐकत नाही. टोप्या घेऊ म्हणाली.

पण रात्री जेवताना एक हिशेब लागेना. मला सहा वर्षं नीट दिसत नाही. मग गेल्या दोन वर्षांत एकही शेड परत कशी आली नाही? आधी येत होत्या की अधूनमधून. आणि या वेळी एकदम तीन वेळा? सुमन म्हणाली, कढी गार होतेय.

मंगळवार, १७ मार्च

आठवडा झाला. डॉक्टरीण बाई म्हणाली, उद्यापासून ऑफिसचं काम चालेल, पेंट शॉपमध्ये पाय ठेवायचा नाही. लॅब ऑफिसात मोडते की शॉपमध्ये, ते मी विचारलंच नाही.

बुधवार, १८ मार्च

लॅबमध्ये गेलो. आधी माझी परत आलेली सहा पॅनेलं उजेडात धरली. सहाही वांगी. शेजारी तिची सहा. जयपूर हे जयपूर होतं, लोणार हे लोणार. मग रविवारचा तो हिशेब आठवला आणि तिचं कपाट उघडलं. तिचं रजिस्टर. पहिलं पान जून २०२४. प्रत्येक पानावर तिचं बारीक अक्षर: "सरांनी पास केली. जांभळट. पिवळा वाढवून पाठवली." खाली पुढची शेड. पुन्हा तेच. दोन वर्षं, रोज साडेतीननंतर. एकच रिकामं पान — २० फेब्रुवारी. त्यावर फक्त, "सरांनी हात लावू दिला नाही."

विचारलं तिला, बोलली का नाहीस? म्हणाली, "दोनदा बोलले होते सर. तुम्ही रागावला होतात. मग वाटलं, दोनच वर्षं राहिलीत तुमची."

एचआरमध्ये जाऊन सुखदा मॅडमकडून फॉर्म परत मागितला. शेरा खोडला, खाली लिहिलं, रंगाची नजर हिची आहे. गेली दोन वर्षं माझी म्हणून जी गेली, तीही हिचीच. सही केली. मॅडमना म्हटलं, ३१ तारखेला साहेबांना वाचायचं असेल तर हे वाचायला सांगा.

टीव्हीच्या वरची फ्रेम आत्ताच काढली. उद्या पाडव्याची सुट्टी. परवा बसने नेऊन तिच्या टेबलावर ठेवायची आहे.