सापडत नाही

दि. ३ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, रिपोर्ट आला आणि माझं धाबं दणाणलं. तू काळजी करू नकोस, ते काम माझ्याकडे आहे.

एच.आय.व्ही. असल्याचं कळून वर्ष होत आलं. गोळी रोज सकाळी आठला घेतो, एकदाही चुकलेली नाही. मध्यंतरी गळ्याशी हाताला गाठ लागली म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गाठबीठ काही नाही, तुम्हीच दिवसभर दाबून दाबून ती जागा दुखवून घेतली आहे. मी बरं म्हणालो आणि जिन्यात पुन्हा दाबून पाहिलं.

आता रिपोर्टचं. तो इंग्रजीत आहे. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी खाली मराठीत लिहून दिलं, ‘विषाणू सापडत नाही. गोळ्या चालू ठेवा.’ त्यांना घाई होती, मी मान हलवून निघालो. घरी येऊन विचार केला. चौथीपर्यंत शिकलोय, पण एवढं मलाही कळतं. चोर सापडत नाही म्हणजे चोर गेला, असं पोलीस कधी म्हणतात का? लपलाय तो. खरंच गेला असता तर गोळ्या कशाला चालू ठेवायला सांगितल्या असत्या?

बाइंडिंगच्या कारखान्यातलं तुला ठाऊकच आहे. पिशवीतून गोळ्यांची बाटली पडली, मालकांनी तिच्यावरचं नाव वाचलं आणि माझ्या हातातली सुई काढून घेतली. तेहतीस वर्षं पुस्तकं शिवली, आता मागच्या खोलीत लेबलं चिकटवतो. सुई टोचते, रक्त येतं, तेव्हा चांगला रिपोर्ट आणा, मग शिवणीच्या टेबलावर बसा, असं त्यांचं म्हणणं. आता हा रिपोर्ट कोणत्या तोंडाने दाखवू? ताप आहे असा निरोप पाठवून घरी बसलोय. ताप नाही, तीनदा पाहिला.

सुई गेली तर माझ्याकडे दुसरं काय आहे, आक्का?

माया आहेच, चिडू नये ही विनंती.

तुझा धाकटा


दि. ९ मार्च

चि. भित्रेराव यांस,
अनेक आशीर्वाद आणि एक कानपिळणी.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग चपला घालून इथल्या दवाखान्यात गेले. भर रांगेत नर्सबाईंना विचारलं. आजाराचं नाव ऐकून मागची बाई दोन पावलं सरकली. तिला म्हटलं, अजून सरका, मला जरा हवा येऊ दे.

नर्सबाई म्हणाल्या ते नीट लिहिते, दोनदा वाच. सापडत नाही म्हणजे इतका थोडा उरलाय की तपासणीत दिसत नाही. यापेक्षा चांगला रिपोर्ट असत नाही. गोळ्यांनी त्याला कोंडून ठेवलंय, म्हणूनच त्या थांबवायच्या नाहीत. थांबवल्या की तो पुन्हा वाढेल. तुझ्या कामाचंही विचारलं. तू पुस्तकं शिवल्याने कोणाला काही होत नाही, आधीही होत नव्हतं. ज्याची सुई त्याने वापरावी, टोचलं तर धुऊन पट्टी बांधावी, आणि हे सगळ्यांनीच करावं, एकट्या तुमच्या भावाने नाही, असं त्या जरा जोरातच म्हणाल्या. मागच्या बाईलाही ऐकू गेलं असावं.

तेव्हा ऊठ, दाढी कर आणि तो कागद मालकाच्या नाकासमोर धर.

गोळी चुकवलीस तर माया आटेल, ही धमकी समज.

आक्का


दि. १२ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

दोनदा नाही, सहादा वाचलं. पण जो थोडा उरलाय, तो नेमका किती? आकडा विचारला होतास का? उलट टपाली कळव.

धाकटा


दि. १६ मार्च

भित्र्या,
कारखान्यात जा.

आक्का


दि. २१ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

गेलो. तुझं अर्धंच ऐकलं, आधीच सांगून ठेवतो.

मंगळवारी कागद खिशात घालून कारखान्यात पोचलो. मालकांनी दारातच हात पुढे केला, रिपोर्ट द्या म्हणाले. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मनात आलं, आज हा दाखवला तर शिवायची परवानगी कागदाला मिळेल, मला नाही. सहा महिन्यांनी दुसरा मागतील. माझ्या शेजारचा बाइंडर सुई टोचली की बोट चोखतो आणि तेच फर्म्याला, म्हणजे शिवायच्या घडीच्या पानांना, लावतो. त्याच्याकडे आजवर कोणी कागद मागितला?

“कागद माझ्या रक्ताचा आहे, तो डॉक्टरीणबाई पाहतील,” मी म्हणालो. “तुम्ही माझी शिवण पाहा.”

आवाज इतका चिरका निघाला की कागदाच्या घड्या घालणाऱ्या बाई दचकल्या. मालक म्हणाले, लोक काय म्हणतील. जीभ सुटलीच होती, तेव्हा म्हणालो, लोकांना माझ्याकडे पाठवा, समजावून सांगतो, मला सगळं पाठ झालंय. माझ्या जागेवर पुठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला होता. तो उचलून खाली ठेवला आणि बसलो. बाईंनी घड्या घातलेल्या फर्म्यांची चळत माझ्याकडे सरकवली.

दोरा ओवायला पाच खेपा लागल्या. बाई बघत होत्या, पण ओवून देऊ का असं त्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं. पहिल्या पुस्तकाची शिवण तिरकी गेली. उसवली, पुन्हा घातली. तिसरं झालं तेव्हा मालकांनी ते उचललं, मधोमध उघडलं, दोरा नखाने ओढून पाहिला. कितीतरी वेळ पाहत होते. मग ते पुस्तक तयार झालेल्यांवर ठेवून निघून गेले.

मी चौथं घेतलं.

भीती गेली असं समजू नकोस. उद्या निघताना पुन्हा तीनदा ताप पाहीन. तरी जाणार, आणि तिथेच बसणार.

लोभ कमी करू नये. उपदेश केलास तरी चालेल, ऐकेनच असं नाही.

तुझा धाकटा