गाडीतला स्टिरिओ मी बसवला त्याची हकीकत

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

ती. शिवयोगी अण्णांना धाकट्या बहिणीचा, श्रीदेवीचा, वाकून नमस्कार. गुरम्मा वहिनींनाही तितकाच वाकून. (मागच्या पत्रात त्यांचा नमस्कार राहिला होता, ते त्यांनी फोनवर मला तीनदा सांगितलं.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावू देत नाही म्हणे तुम्ही. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात उभा जन्म इंजिनांना तेल घातलंत, आणि आता स्वतःच्या गुडघ्याची वेळ आली तर नको म्हणता, हे काही बरं नाही. आम्ही सगळे इकडे सुखरूप आहोत. ह्यांची शुगर जरा वर आहे, पण त्याचं कारण पुढे येईल.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही "बरंय ना? बरं, बरं" एवढं बोलता आणि फोन वहिनींच्या हातात देता, आणि वहिनींना वायरिंगमध्ये रस नाही. मी जे केलंय ते समजणारा आपल्या घरात तुमच्याशिवाय दुसरा माणूस नाही. तेव्हा चष्मा लावा, टेकून बसा आणि सावकाश वाचा.

तर अण्णा, आमच्या गाडीतला कंपनीचा स्टिरिओ काढून त्याजागी नवा, मोठ्या पडद्याचा स्टिरिओ मी बसवला. मी म्हणजे मीच. मिस्त्री नाही, दुकानदार नाही, हे तर नाहीतच. तुमची बहीण, जिला शाळेत असताना इस्त्रीचा प्लग लावायला तुम्ही बंदी घातली होती, तिने अख्खा डॅशबोर्ड उघडला आणि परत बंद केला.

ही वेळ का आली ते सांगते. आमच्या सासूबाईंना, निंगव्वांना, गाडी लागते हे तुम्हाला ठाऊकच आहे. (वहिनींच्या नव्या इरकलीची आठवण काढत नाही.) पण गाडीत त्यांची जुनी कन्नड गाणी मोठ्यानं चालू असली की त्यांना काही होत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, पण खरं आहे ते खरं आहे. गाणी चालू असली की सासूबाई मान डोलावत थेट विजापूरपर्यंत जातात, आणि गाणी बंद पडली की बाळीवेसच्या पुढे लिंबू हुंगायला लागतात. फोनवर लावून बघितलं, तर म्हणाल्या, "हे कोण माशीसारखं गुणगुणायलंय?" कानात घालायचं ते यंत्र लावलं, तर त्यांनी ते पानाच्या डब्यात टाकलं. आणि अशात आमचा जुना स्टिरिओ बंद पडला. नुसता खरखरायचा, मग तेही थांबलं.

एरवी मी गप्प बसले असते. पण त्याच सुमाराला सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला, अक्कलकोटच्या अक्कम्मा मावशींना, दवाखान्यातून घरी सोडलं. घरी सोडलं म्हणजे बऱ्या झाल्या म्हणून नव्हे अण्णा, वय झालं म्हणून. दोघी बहिणींना भेटून दोन वर्षं झाली होती. सासूबाई रोज सकाळी अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, पिशवी भरून उंबऱ्यात बसायच्या, गाडीकडे बघायच्या आणि दुपारी पिशवी रिकामी करायच्या. मी ह्यांना म्हटलं, अहो, तेवढा स्टिरिओ बघा. तर हे म्हणाले, येडू मिस्त्रीला सांगतो. येडू मिस्त्री म्हणजे आमच्या गाडीचा कायमचा माणूस, चांगला आहे, पण त्याचा "उद्या" फार लांब असतो. पुन्हा विचारलं तर हे म्हणाले, दिवाळी झाल्यावर बघू. दिवाळीपर्यंत मावशी थांबतील का, असं मी विचारलं नाही. मी पडद्यावाला स्टिरिओ मागवला.

ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी पेपर खाली ठेवला. (हे पेपर फक्त भूकंपाला खाली ठेवतात.) म्हणाले, "अगं, ती गाडी आहे. शिलाई मशीन न्हवं." आता अण्णा, पंचवीस वर्षं मी शिवणक्लास चालवते. मशीन अडलं की मीच उघडते, मीच साफ करते, मीच जोडते. मी म्हटलं, शिलाई मशीनला सुई असते आणि ती बोटात घुसते. स्टिरिओला तेही नाही. ह्यावर ह्यांनी पेपर वर घेतला. पेपराआडून शुगर वाढत होती.

गेल्याच्या गेल्या शनिवारी सकाळी क्लासला सुट्टी दिली आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून गाडीत बसले. पहिलं काम बॅटरीची काळी तार सोडायची. ती सोडली. मग स्टिरिओच्या भोवतीची चौकट काढायची. त्याला प्लॅस्टिकची पट्टी लागते असं व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं. मी केकवर क्रीम फिरवायची पट्टी आणली. ती फटीत घालून ओढलं तर "टक्क" असा आवाज आला. हा आवाज खिट्टी सुटल्याचा की मोडल्याचा हे व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. (एक मोडली. एकच. बाहेरून दिसत नाही आणि तुम्ही ह्यांना सांगणार नाही.)

तोवर गल्लीत बातमी पोचली होती. आमचे शेजारी कासीमभाई टेम्पो चालवतात, ते चहाचा कप घेऊनच आले आणि दारावर रेलून उभे राहिले. "भाभी, एअरबॅग हाय बरं का तिकडं, संभालके," म्हणाले. मी म्हटलं, ती स्टिअरिंगमध्ये आहे, मी मधे आहे. त्यांनी मान डोलावली आणि आणखी दोघांना बोलावून आणलं. माणसं कुणाला खड्डा खणताना बघायला थांबतात ना, तशी थांबली. बायका मात्र थांबल्या त्या वेगळ्या कारणासाठी. अशी गोष्ट बाईनं केली की पुढच्या वेळी आपल्याला करता येते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

जुना स्टिरिओ चार स्क्रूंवर बसलेला होता. तीन निघाले. चौथा निघाला आणि हातातून निसटून डॅशबोर्डच्या पोटात गेला. टिण, टिण, टिण, आणि मग शांतता. कासीमभाई म्हणाले, "गया." अण्णा, त्या एका शब्दानं माझा जो अपमान झाला! मी घरात गेले, फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक काढलं (गणपतीचं होतं, आधी नमस्कार केला), शिवणाच्या दोऱ्याला बांधलं आणि विहिरीत कळशी सोडावी तसं त्या भोकातून आत सोडलं. दोनदा रिकामं आलं. तिसऱ्यांदा स्क्रू घेऊन आलं. गल्लीत चक्क टाळ्या पडल्या. ह्यांनी खिडकीतून डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेले.

मागच्या वायरींचा झुबका बघून मात्र मी क्षणभर डोळे मिटले. पण तुम्हाला सांगते, हे भरतकामापेक्षा सोपं आहे. जुन्या वायरी कापायच्याच नाहीत. गाडीचा सॉकेट आणि नव्या स्टिरिओचा सॉकेट ह्यांच्यामध्ये एक जोडपट्टा मिळतो, तो दोन्हीकडे दाबून बसवायचा. एरियलची पिन वेगळी. सगळं जोडलं, स्टिरिओ खोबणीत सरकवला, चावी फिरवली. काही नाही. पडदा काळा. पुन्हा फिरवली. काळा. कासीमभाईंनी कप खाली ठेवला. आणि तेव्हा आतून, उंबऱ्यातल्या आपल्या जागेवरून, सासूबाई म्हणाल्या, "अगं श्रीदेवी, ती सकाळी सोडलेली काळी तार लावलीस का गं?"

लावली नव्हती.

लावल्यावर पडदा उजळला. सगळी अक्षरं चिनी! पण चाकाचं चित्र कुठल्याही भाषेत चाकच असतं, ते दाबत दाबत मी मराठीपर्यंत पोचले. मग आवाज फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यातून यायला लागला, तोही सेटिंगमध्ये सापडला. सासूबाईंची गाणी ह्यांच्या फोनमध्ये आहेत, म्हणून चार्जिंगला लावलेला ह्यांचा फोन आणून ब्लूटूथनं जोडला. सासूबाईंना धरून आणून मागच्या सीटवर बसवलं, पहिलं गाणं लावलं, आणि त्यांनी जो हात हातात धरला माझा, तो सोडेनात. फोन मी ह्यांना परत नेऊन दिला. गाणं चालूच होतं.

आता नीट ऐका, कारण ह्यापुढचं मला आयुष्यभर पुरणार आहे. एकाएकी गाणं थांबलं आणि फोनची रिंग चारी स्पीकरमधून वाजायला लागली. हे जिन्याखाली उभे राहून गुपचूप कुणाला तरी फोन लावत होते, आणि फोन तर गाडीला जोडलेला. पलीकडचा माणूस आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला.

"हां शिवकुमारशेठ! झालं का वहिनींचं समदं उघडून? तुमी काय टेन्शन घेऊ नका. त्या कंटाळून आत गेल्या की मिस कॉल द्या. मी येऊन जोडून जातो, त्यांना कळू बी देत न्हाई."

येडू मिस्त्री! जिन्याखालून ह्यांचं "हॅलो, हॅलो, ऐकू येईना" चाललेलं. येणार कसं? त्यांचा कान फोनला आणि आवाज गाडीत. कासीमभाई आभाळाकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यात पाणी आलं अण्णा, खोटं कशाला सांगू. सकाळपासून राबले ती मी, आणि घरातल्या माणसानं माझी हार आधीच ठरवून ठेवलेली. मी बटण दाबून फोन तोडणार, तोच मागून सासूबाई पुढे वाकल्या.

"येडू, मी निंगव्वा बोलायले."

"आज्जी? तुमी कुटं?"

"गाडीत बसलीय. माझा आवाज कसा यायलाय?"

"लई क्लिअर यायलाय की आज्जी."

"तर मग ऐक. सुनेनं माझ्या समदं जोडलंय. तू येऊ नको. आणि शिवकुमार हितं जवळच कुटंतरी लपलाय, त्याला म्हणावं, आईला अक्कलकोटला न्यायचंय, चप्पल घाल."

अण्णा, एवढी माणसं उभी होती, पण हसलं कुणी नाही. हे आले, चप्पल घालून आले, कान लाल झालेले. गाडीत बसले, पडद्याकडे बघितलं, आवाज थोडा वाढवला, थोडा कमी केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरा बसलाय." आमच्या संसारात ह्याहून मोठं कौतुक आजवर झालेलं नाही. मी लगेच माफ केलं नाही. वळसंग येईपर्यंत केलं नाही.

अक्कलकोटपर्यंत सासूबाई गात गेल्या. लिंबू मांडीवर तसंच. मावशी खाटेवर होत्या, फार वाळल्यात. बहिणीला बघून त्यांनी नुसते ओठ हलवले. सासूबाई म्हणाल्या, "बा अक्का, बा. ये, माझ्या सुनेनं गाडीत काय बसवलंय बघ." घरचे नको नको म्हणत असताना ह्यांनी मावशींना उचलून आणलं आणि मागच्या सीटवर ठेवलं. अंगणात गाडी उभी, दारं उघडी, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्याला टेकून लग्नातली गाणी म्हणतायत. मावशींना सूर लागत नव्हता, पण एकही ओळ त्या चुकल्या नाहीत. घरातली माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. मावशींचा मुलगा डोळे पुसत होता. त्याने विचारलं, सिस्टीम कुठं बसवली? हे छाती काढून म्हणाले, "घरीच. आम्ही बसवली." (आम्ही! जिन्याखालचा माणूस तो हाच, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.)

असं झालं सगळं. वहिनींना हे पत्र वाचून दाखवा, इरकलीचं वाक्य सोडून.

तुमची
श्रीदेवी

ता. क. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. मी मागवलेला पहिला स्टिरिओ आमच्या गाडीला बसलाच नाही, चौकटच वेगळी निघाली, म्हणून दुसरा मागवावा लागला. खोका फोडला होता म्हणून दुकानदार परत घेत नाही. तो तुमच्या नव्या गाडीला मात्र अगदी बेतून घेतल्यासारखा बसतो, मी माप बघितलंय. रविवारी तुमचा कंपनीचा काढून हा बसवून देते. नको म्हणू नका. वहिनींना आधी सांगू नका. एखादी खिट्टी मोडली तर बाहेरून दिसत नाही.

ता. क. दुसरा. रविवारी आम्ही तिकडे न येता तुम्हीच इकडे गाडी घेऊन या. आमची कालपासून चालू होत नाही. वायरिंगचा काही दोष नाही, मी सगळं तपासलं. झालं असं, की अक्कलकोटहून आल्यापासून सासूबाई रोज दुपारी उभ्या गाडीत जाऊन बसतात आणि झोप लागेपर्यंत गाणी ऐकतात. त्यात बॅटरी बसली. मी त्यांना म्हटलं, आता दोन दिवस गाणी नाहीत, घरात चला. तर त्या काळ्या पडद्यासमोर तशाच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "असू दे की. मला सगळी पाठच हायत."