पिंकीचा प्रयोग आणि माझी मिशी

नंदनवन, नागपूर
मंगळवार

ती. स्व. बाईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे धम्मानंदचा, जयभीम. भाऊजींनाही सांग. इकडे सगळे बरे आहोत (किती बरे, ते पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? शाळेतलं खिचडीचं गंज-पातेलं उचलताना दुसऱ्या बाईला हाताशी घेतेस, की अजून एकटीच उचलतेस? वीस वर्षं चारशे पोरांना जेवू घालणाऱ्या बाईनं आता थोडं स्वतःकडेही बघावं, असं मला मनापासून वाटतं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन पिंकी स्पीकरवर टाकते, आणि पुढचा मजकूर स्पीकरवर सांगण्यासारखा नाही.

तर पिंकीच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन. विषय तुझाच. मागच्या वर्षी पारशिवनीच्या लग्नात थर्माकोलच्या वाटीत कुणीतरी संत्र्याची सालं टाकली आणि वाटीला खड्डे पडले, हे तूच तिला दाखवलं होतंस. पोरीनं ते डोक्यात ठेवलं. इतवारीतल्या अत्तरवाल्याकडून संत्र्याच्या तेलाची बाटली आणवली आणि तेलात थर्माकोल कसा विरघळतो, याची वही भरली. त्यांच्या विज्ञानाच्या कामिनी मॅडमनी नियमांचा कागद दिला होता : आग नको, उघडी वायर नको, बाटलीला झाकण आणि नावाची चिठ्ठी, डोळ्यांना चष्मा. आणि तू फोनवर तिला सांगितलंस की तेल आहे तिथं दिवा नेऊ नको आणि एक पोतं ओलं करून जवळ ठेव. (तुझ्या चुलीपाशी असतं, तसंच.) तिनं खरंच घमेल्यात ओलं पोतं ठेवलं. मी हसलो. बाई, मी हसलो, हे लिहून ठेवतो.

कारण मला हे सगळं फार किरकोळ वाटत होतं. तीन बाटल्या आणि एक वही, कोण थांबून बघणार? मी मोबाइलवर एका माणसाला मेणबत्तीजवळ संत्र्याची साल पिळताना पाहिलं होतं. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. परीक्षक कसे खुर्चीवरून उठतील, हे मला दिसायलाच लागलं. रविवारी दुपारी पिंकीची आई रामदासपेठेत ड्यूटीवर गेलेली होती (घरात नर्स असताना एवढी हिंमत मी करत नाही). मी टेबलावर मेणबत्ती लावली.

पिंकी म्हणाली, "बाबा, काहून लावून राहिले? आत्यानं नाही म्हटलं होतं नं."

मी म्हणालो, "तुही आत्या सायन्स शिकली हाय का वं?"

बाई, हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. हे पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः याच वाक्यासाठी. तू सातवीतून शाळा सोडलीस ती मी शिकावं म्हणून, आणि मी शिकलो ते हे बोलायला.

पहिली साल पिळली, छान ठिणग्या उडाल्या. मला जोर आला. दुसरी साल वाकून, अगदी जवळून पिळली, आणि ठिणग्यांनी माझी डावी मिशी धरली. मी मागं उडी मारली. कोपर तेलाच्या बाटलीला लागलं, बाटली आडवी, मेणबत्तीही आडवी, आणि टेबलावर पसरलेल्या पेपरनं पेट घेतला. मी काय केलं म्हणशील तर "पिंकी, पिंकी" एवढंच ओरडलो. ती ओरडली नाही. घमेल्यातून पोतं उचललं, जाळावर पसरवलं आणि म्हणाली, "बाबा, मांगं सरका." जाळ विझला. मग माझा हात धरून नळाखाली नेला (दोन बोटं भाजली होती) आणि घड्याळाकडे बघत वीस मिनिटं पाण्याखाली धरून ठेवला. वीस मिनिटं झाल्यावर नळ बंद केला आणि मग रडली. तिची वेणी त्या टेबलापासून वीतभर अंतरावर होती. ते आठवलं की अजून जेवण जात नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मला एकच काम होतं : खुर्चीवर बसणं. तोंडाला मास्क. मी आणलेली दिव्यांची माळ कामिनी मॅडमनी उघडे जोड बघून लगेच परत पिशवीत घालायला लावली. पिंकी चष्मा, हातमोजे घालून उभी. एका ट्रेमध्ये झाकणाच्या बाटल्या, शेजारी घमेलं. परीक्षकांनी विचारलं, "हे पोतं कशाला?"

"सर, हे तेल पेटते. आमच्या घरी पेटलं होतं."

"खरंच? कधी?"

"रविवारी. बाबा, मास्क काढा."

बाई, मी उभा राहिलो आणि अर्धी मिशी परीक्षकांना दाखवली. त्यांनी जवळून बघितली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पिंकीला विचारलं की आग विझवायचं कुणी शिकवलं. ती म्हणाली, "माह्या आत्यानं." आख्ख्या वर्गापुढं, ताठ मानेनं. मला हेवा वाटला नाही. खरंच नाही. डोळे भरून आले आणि मास्क हातात होता, म्हणून पंचाईत झाली.

पोर सुखरूप आहे, ती तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर मला कधीच म्हणता आलं नसतं.

तुझा,
धम्मानंद

ता. क. : पिंकीच्या आईनं हे वाचलं. ती म्हणते, पडदाही जळला ते लिहा. जळला.

ता. क. दुसरा : मूळ काम राहूनच गेलं. पिंकीचा तिसरा नंबर आला आणि पहिले तिघं जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार आहेत. फॉर्मवर "मार्गदर्शक" अशी जागा होती. मी पेन काढेपर्यंत तिनं तुझं नाव लिहून टाकलं होतं. "पात्रता" या रकान्यात लिहिलंय : वीस वर्षं स्वयंपाक, एकालाही भाजू दिलं नाही. मी खोडायला सांगणार होतो, पण कामिनी मॅडमनी वाचून खाली सही केली. मार्गदर्शकानं हजर राहावंच लागतं, तेव्हा शनिवारी सकाळच्या बसनं ये. मॅडमचा निरोप आहे की साडी सुती असावी, पदर खोचलेला असावा आणि पायात चप्पल चालणार नाही, बंद बूट हवेत. बुटांची काळजी करू नको. पिंकीनं तिच्या आईचे ड्यूटीचे पांढरे बूट धुऊन, खडू लावून गच्चीवर वाळत घातलेत आणि दर अर्ध्या तासानं वर जाऊन बघते आहे.