आजीला नावानं हाक

३ जून
पोचलो एकदाचा सैबेरियात, आमच्या याकूत लोकांच्या मुलखात. बर्फ फुटून नदी मोकळी झाली आहे, डासांनी अजून दर्शन दिलेलं नाही आणि काठावरच्या लाकडी घरात चूल मस्त पेटते. काम सोपं: ही छोटी नदी उगमापासून मुखापर्यंत मोजायची आणि नकाशा काढायचा. खालच्या गावात आई राहते, तिचं घरही नकाशात येईल. नावाडी न्युकुलाय काका आईच्याच ओळखीचा. नदीला इथे कुणी नावानं हाक मारत नाही, आजी म्हणतात. होडी सोडण्याआधी काकाने आजीला लोण्यातलं धिरडं वाहिलं आणि मला दटावलं, की शहरात शिकलास तरी याकूतच आहेस, पाण्यावर तिचं नाव घेऊ नकोस. मी हसलो. उरलेली धिरडी मात्र मीच संपवली.

९ जून
मोठे साहेब पाहणीला आले. होडीत काकाने धिरडं काढलं, तसं साहेबांनी मला विचारलं, तुमच्यात अजून हे चालतं का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धिरडं काकाच्या हातून घेऊन खाल्लं आणि उभा राहून नदीला तिच्या नावानं मोठ्यांदा हाक मारली. साहेब पोट धरून हसले. काका खाली मान घालून वल्हवत राहिला. उतरताना एवढंच म्हणाला, "लेका, नावानं हाक मारली की आजी विचारायला येते, कोण रे ते? आली तर खरं सांग."

१२ जून
साहेब गेले. नकाशा जुळत नाही. काल मोजलेलं नदीचं वळण आज माझ्या घराकडे सरकलंय. पुन्हा मोजलं, पुन्हा सरकलं. काकाला विचारायची लाज वाटते.

१४ जून
भर दुपारी दारात म्हातारी. लख्ख ऊन, आणि तिच्या वेण्यांतून पाणी गळत होतं. "मला नावानं कुणी हाक मारली?" असं तिने विचारलं. मी — मी काकाचं नाव सांगितलं.

१५ जून
काकाचं घर होतं तिथे आता वळण आहे. पाणी संथ. एक वल्हं फिरतंय. गाव काठावर उभं, मला कुणी काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. लाज — स्वतःचीच —

तारीख नको
उंबऱ्याशी पाणी. म्हातारीमागे काका उभा आहे. माझं नाव सांगत नाही, नुसता बघतो —

तिने पुन्हा विचारलं. या वेळी खरं सांगणार. "मी" एवढंच म्हणायचं — तोंड उघडलं — आणि बाहेर पडलं ते आईचं —